रोज ६४ किमी, त्यात ६ किमी पाणंद: १६०ची कम्युटर, ट्रेल की ३५०?

मांजराकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गाव रेणापूर तालुक्यात, नोकरी लातूर एमआयडीसीत. घर ते गेट ३२ किमी, म्हणजे जाऊन-येऊन ६४. त्यातले घराकडचे ३ किमी पाणंद रस्ता आहे, काळ्या मातीचा. उन्हाळ्यात फुफाटा, पावसाळ्यात काय होतं ते सांगायला नको. उरलेला डांबरी आणि सिमेंटचा. महिन्याआड एकदा छत्रपती संभाजीनगरला जाणं होतं, अंबाजोगाई-केज-मांजरसुंबा-बीड असं, एका बाजूला अडीचशेच्या आसपास. त्या वेळी मागे बायको आणि एक बॅग. आठवड्यातून दोनदा दुधाचे दोन कॅन फाट्यापर्यंत.

उंची ५ फूट ५ इंच, वजन ६८ किलो. सध्या शंभर सीसीची स्प्लेंडर आहे, तिचं इंजिनकाम निघालंय. बजेट ऑन-रोड दोन लाखांपर्यंत. डोक्यात तीन गाड्या आहेत: होंडा युनिकॉर्न (१६०ची, रोजच्या वापराची कम्युटर), हिरो एक्सपल्स २०० फोरव्ही (कच्च्या रस्त्याची ट्रेल) आणि रॉयल एनफील्डची क्लासिक ३५०. जो भेटतो तो वेगळंच सांगतो.

दुसरा प्रश्न चालवण्याचा. आमच्यात दोन मतं आहेत. एक जण म्हणतो, लवकर टॉप गिअरमध्ये टाकून गाडी सोडून द्यायची, ॲव्हरेज मिळतं. दुसरा म्हणतो, इंजिन आवाजात ठेवून चालवायचं, नाहीतर मरतं. खरं काय? आणि घाटात, चिखलात, हायवेला चालवण्याची पद्धत बदलावी लागते का, की हात बसला की सगळीकडे तेच?

---

टॅपेट_लातूर

आधी किलोमीटरची वाटणी मांडा, गाडीचं नाव नंतर. महिन्याला २५ दिवस धरले तर १६०० किमी, वर्षाला १९,२००. संभाजीनगरच्या सहा खेपा म्हणजे आणखी ३०००. एकूण २२ हजारांच्या पुढे. त्यात पाणंद भरते १८००, हायवेची लांब रपेट ३०००, आणि राहिलेले सतरा हजारांवर किलोमीटर हे रोजचं डांबर-सिमेंट. रुपयातले बारा आणे तिथं आहेत. आठ टक्क्यांसाठी ट्रेल बाईक किंवा चौदा टक्क्यांसाठी ३५० घ्यायची का, हा तुमचा खरा सवाल आहे.

आता पेट्रोल. युनिकॉर्न नीट चालवली तर ५०च्या घरात देते, एक्सपल्स ४०च्या आसपास, ३५० क्लासिक ३५. महिन्याला १६०० किमीला अनुक्रमे ३२, ४० आणि साधारण ४६ लिटर. पेट्रोल १०५ धरलं तर पहिल्या आणि शेवटच्या गाडीत दर महिन्याला चौदा-पंधराशेचा फरक. वर टायर, चेन-सॉकेट (चेनची दातेरी चाकं), ब्रेक पॅड हे सगळं जड गाडीला महाग आणि लवकर लागतं. शिवाय २२ हजार किमी म्हणजे वर्षाला चार-पाच सर्व्हिसिंग, हे विसरू नका.

कागदावरचे आकडे असे. युनिकॉर्न: १६२.७ सीसी, वजन १४० किलोच्या आसपास, सीटची उंची ७९८ मिमी, ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासूनची मोकळी उंची) १८७, टाकी १३ लिटर, मागे मोनोशॉक (मधोमध एकच शॉक), ट्यूबलेस टायर. एक्सपल्स २०० फोरव्ही: १९९.६ सीसी, १५९ किलो, सीट ८२५, क्लिअरन्स २२०, पुढचं चाक २१ इंची, मागचं १८, तारांचं रिम म्हणून ट्यूब. क्लासिक: ३४९ सीसी, १९५ किलो, सीट ८०५, क्लिअरन्स १७०, ओढायची ताकद (टॉर्क) २७ न्यूटन मीटर आणि तीही ४००० आरपीएमलाच.

५ फूट ५ला ८०५ आणि ८२५ दोन्ही जमतात, पण कशी ते शोरूममध्ये बघा. नुसत्या मिलिमीटरवर जाऊ नका. क्लासिकची सीट रुंद, त्यामुळे मांड्या फाकतात आणि पाय आखूड पडतो. एक्सपल्सची सीट अरुंद आहे आणि बसल्यावर सस्पेन्शन दबतं, म्हणून ८२५ वाटते तेवढी उंच लागत नाही. तरीही चवड्यांवरच उभं राहावं लागेल. दुधाचे कॅन लावून चवड्यांवर गाडी तोलणं म्हणजे एक दिवस दूध रस्त्यावर. कॅन लावायचे तर सीट कमी उंच आणि मागचा भाग सरळ असलेली गाडी पाहिजे. एक्सपल्सच्या शेपटीला कॅनची लोखंडी चौकट बसवायला वेल्डिंगवाला तयार होईल, पण मागे एवढं वजन लटकलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल भटकतं.

माझं मत सरळ युनिकॉर्न. याच वर्गात पल्सर एन१६० आणि अपाचे १६० आहेत, ताकद जास्त आहे, पण बसण्याची ढब थोडी पुढे झुकलेली आणि कॅनला जागा कमी. नव्या गाडीचा भाव मात्र जुन्या यादीवरून ठरवू नका. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, आणि ३५०च्या वर ४० टक्के आहे.

---

पाणंदवाला

टॅपेटभाऊ, हिशेब बरोबर आहे, पण किलोमीटरवर सगळं मोजता येत नाही. डांबरावरचे पन्नास किमी कुठलीही गाडी नेते. पाणंदीतल्या तीन किमीत गाडी अडली की ड्युटी गेली.

तरीपण खरं सांगायचं तर जुलै-ऑगस्टच्या झडीत काळ्या मातीतून एक्सपल्ससुद्धा सुखानं जात नाही. ही माती टायरच्या खाचेतून सुटतच नाही. दोन-चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत डांबरगोळा होतो, मग चिखल मडगार्ड आणि टायरच्या फटीत भरतो आणि चाक जाम. कम्युटर गाडीला ही फट दोन बोटांची, म्हणून शे-दीडशे फुटांत काम तमाम. एक्सपल्सला फट मोठी, त्यामुळे ती पाऊण किलोमीटर जास्त ओढेल, एवढाच फरक. पाऊस थांबून दोन दिवस झाले, वरून साय धरली आणि खाली ओल आहे, अशा वेळी मात्र ट्रेल गाडी आणि कम्युटरमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

चिखलात चालवायची पद्धत वेगळीच आहे:

निघण्याआधी टायरची हवा कमी करा. डांबरावर पुढे २५ आणि मागे २९ पीएसआयच्या आसपास असते, ती २०-२२वर आणा. टायर पसरतो, पकड वाढते. फाट्यावर आलं की पायपंपाने परत भरायची, तशीच डांबरावर पळवायची नाही, कारण कमी हवेत टायर तापतो आणि वळणाला गाडी लोळते.

दुसऱ्या गिअरमध्ये एकसारखा थ्रॉटल. पहिल्यात चाक फिरतं, तिसऱ्यात इंजिन दम सोडतं. फूटरेस्टवर किंचित उठा, गुडघे वाकवलेले, टाकी गुडघ्यांत धरलेली, हँडलवर हात सैल. हँडल थोडं डावी-उजवीकडे नाचू द्या, ते आपोआप सरळ होतं. घट्ट धरलं की पडलातच. नजर चाकापुढच्या खड्ड्यात नाही, वीस-तीस फूट पुढे. पुढचा ब्रेक विसरून जा.

बैलगाडी-ट्रॅक्टरची जी चाकोरी असते, त्यात एकदा शिरलात की मधेच बाहेर यायला बघू नका. पुढचं चाक चाकोरीच्या भिंतीला घासतं आणि गाडी आडवी. बाहेर यायचंच तर थांबा, उतरा, उचलून काढा. इथं १४० किलो आणि १९५ किलोतला फरक कमरेला कळतो.

पाय खाली सोडून सायकलसारखे ढकलत जाणारे लई दिसतात. घोटा अडकतो. त्यापेक्षा उतरून डाव्या बाजूने चालत, पहिला गिअर टाकून, क्लच सोडून पूर्ण, हलक्या थ्रॉटलवर गाडी चालवत न्या. हाफ क्लचवर रेटत राहिलात तर प्लेटा जळतात, जळका वास आला की समजा खर्च सुरू झाला. चाक जाम झालं की खुरपं पाहिजे. हो, खुरपंच. सीटखाली किंवा साइड बॅगेत एक जुनं खुरपं ठेवा, काडीने ती माती निघत नाही.

साइड स्टँडखाली चपटा दगड ठेवायची सवय लावा. काळ्या मातीत स्टँड रुतून गाडी सावकाश कलते, आणि त्यात दुधाचे कॅन असले तर हसं होतं.

घरी आल्यावर चिखल ओला असतानाच धुवा. इंजिनच्या पात्यांमध्ये वाळलेली काळी माती विटेसारखी बसते आणि हवेवर थंड होणारं इंजिन थंडच होत नाही. प्रेशरचा फवारा मात्र चाकाच्या बेअरिंगवर आणि चेनवर सरळ मारू नका, सील फोडून पाणी आत जातं. पुढच्या सॉकेटचं झाकण महिन्यातून एकदा उघडून आतला गोळा काढा. ते कोणी करत नाही, आणि मग चेन लवकर गेली म्हणून कंपनीला शिव्या.

ज्याला आठ महिने कोरड्या पाणंदीतून, दगड-मुरमातून जायचंय त्याला एक्सपल्सच. आता २१०ची पण आलीय, ताकद जास्त आहे. पण कॅन आणि बायको असं दोन्ही म्हणाल तर माझं घोडं पण अडतं. आणि झडीच्या दिवसांत एक फुकटचा सल्ला: फाट्यावर कोणाच्या तरी गोठ्यात गाडी लावा, तीन किमी चाला. गमबूट स्वस्तात मिळतो, क्लच प्लेटा त्याच्या कितीतरी पट.

---

बालाघाट_वारा

हायवेचं मी सांगतो, आणि तुमच्या दोन मतांवर आधी बोलतो, कारण दोघंही अर्धे बरोबर आहेत.

लवकर टॉप टाकणं ही शंभर सीसीची सवय आहे. तिथं चार गिअर, हलकी गाडी, ४०ला चौथा चालतो. पण टॉपमध्ये गाडी ३०वर आलीय आणि तुम्ही थ्रॉटल पिळताय, इंजिन घुरघुरतंय, चेन खडखडतेय, तर ते ॲव्हरेज नाही, तो मार आहे. प्रत्येक स्फोटाचा दणका चेन, सॉकेट आणि क्रँकच्या बेअरिंगवर येतो. पेट्रोलही वाचत नाही, कारण थ्रॉटल पूर्ण उघडून गाडी हलत नसते. उलट, सगळीकडे इंजिन किंचाळत ठेवणाराही पेट्रोल आणि तेल जाळतो. ओळख एकच ठेवा: थ्रॉटल थोडा उघडला की गाडी लगेच पुढे सरकली पाहिजे. सरकत नसेल तर एक गिअर खाली. सपाटीवर एकसारख्या वेगाला टॉप, चढ आला किंवा ओव्हरटेक करायचं असलं की खाली. एवढंच आहे ते. ३५०ला हे कमी लागतं, कारण तिची ताकद खालीच मिळते. म्हणून लोक म्हणतात बुलेट निवांत असते. युनिकॉर्नला गिअर बदलत राहावं लागतं.

वेग: १६० सीसीला ७०-८० हा मुक्कामाचा वेग आहे. ८० वरून १०० केलात तर हवा कापायला लागणारी ताकद जवळजवळ दुप्पट होते, म्हणून मागे माणूस बसला की छोटी गाडी तिथं हाफते. बीडच्या पुढे उघड्या माळावर समोरून वारा असला की हे चांगलं कळतं. मंडळी मागे बसल्यावर टायरची हवा कंपनीच्या स्टिकरवर दोघांसाठी लिहिलीय तेवढी करा, बहुतेक गाड्यांना मागे ३३ ते ३६. मागचं सस्पेन्शन दोन खाचा कडक करा. नाहीतर मागची बाजू बसते, हेडलाइट आभाळात जातो आणि समोरचा शिव्या देतो. वहिनींना दोन्हीकडे पाय टाकून बसायला सांगा. एका बाजूला बसलं की वजन कायम डावीकडे असतं आणि घाटात गाडी वळवायला दोन हातांनी भांडावं लागतं. साडी गार्ड काढू नका.

मांजरसुंब्याचा घाट: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर उतरू नका, ड्रम तापला की ऐनवेळी गुळगुळीत लागतो. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. वळणात हलका थ्रॉटल चालू ठेवायचा, त्याने गाडी बसून राहते. आणि हँडलचं उलटं गणित समजून घ्या. ३०-३५च्या वर वेग असला की डावीकडे वळायला हँडलचा डावा हात पुढे ढकलायचा, गाडी डावीकडे कलते. सगळे नकळत हेच करतात, पण वळण अंदाजापेक्षा जास्त निघालं की घाबरून उलट करतात आणि समोरच्या लेनमध्ये जातात. मोकळ्या रस्त्यावर ४०ला मुद्दाम हळू ढकलून बघा, एका दिवसात हाताला कळतं.

ब्रेक: पुढचा मुख्य, मागचा सोबत. झटका नाही, दाब वाढवत न्यायचा. ६०वर एक सेकंद भान यायला धरलं तर गाडी थांबेपर्यंत ४० मीटर जातात, ८०वर ६०च्या वर. ही कोरड्या चांगल्या रस्त्याची गोष्ट. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, पण खडी-मुरमावर एबीएस थांबण्याचं अंतर उलट वाढवतं. तिथं वेग आधीच कमी ठेवणं हाच ब्रेक.

आता हे ४० आणि ६० मीटर उसाच्या हंगामाशी ताडून बघा. दिवाळीनंतर रात्री ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या, ना लाल दिवा ना रेडियम, आणि उसाची टोकं बाहेर दोन-तीन फूट. समोरून ट्रकचा उजेड डोळ्यावर आला की त्या अंधारात ट्रॉली असतेच असं धरून चाला. लो बीमवर जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता आलं पाहिजे, म्हणजे रात्री ५०-५५. तुमच्या रस्त्यावर हे सगळ्यात मोठं दुखणं आहे, गाडी कुठली घेतली त्याहूनही मोठं.

आणखी एक, नव्या सिमेंट रस्त्यांची कड. साइडपट्टी कुठं भरलीय, कुठं चार-सहा इंच खाली आहे. ट्रकने दाबलं म्हणून खाली उतरलात तर तसंच चालत्या गाडीने तिरकं वर चढू नका. टायर कडेला घासत राहतो आणि गाडी एकदम आडवी टाकते. वेग २०च्या आत आणा, थोडं बाजूला जाऊन कोन मोठा करा आणि मग चढवा.

एवढं सगळं युनिकॉर्नवर आरामात होतं. सलग तीन तास बसून पाठ धरत नाही, ती तिच्या ताठ बसायच्या ढबीमुळे. स्पोर्ट गाडीत मनगटावर वजन येतं, क्रूझरमध्ये पाय पुढे असल्याने खड्ड्याचा दणका थेट मणक्यात बसतो. तो उठून झेलताच येत नाही. आपल्या रस्त्यांना क्रूझर हा शौक आहे.

---

निवांत_३५०

सगळे ३५०वर तुटून पडलात. थोडं न्यायानं बोला. वजन आहे म्हणून आडव्या वाऱ्यात ती हलत नाही, ट्रक शेजारून गेला तर ढकलली जात नाही. ७०-८०ला इंजिन आरामात फिरतं, मागचं माणूस सुखात. संभाजीनगरच्या रस्त्याला तिच्यासारखी या तिघांत दुसरी नाही.

पण मांजराकाठ, तुमच्या वापराला मीही नाही म्हणेन. पाणंद, कॅन, आणि रोज लातूरचा गांधी चौक. मे महिन्यात ४२ अंशांत सिग्नलला थांबलं की उजव्या पायाला इंजिनाची धग लागते. घेतलीच तर अलॉय चाकांची घ्या, त्यांना ट्यूबलेस टायर येतात. तारांच्या चाकाला ट्यूब असते.

---

टॅपेट_लातूर

पाणंदवाल्या भावाचं खुरपं आवडलं.

देखभालीचं थोडं राहिलं होतं. रोजचे ६४ म्हणजे कामाच्या आठ दिवसांत ५०० किमी. म्हणजे चेनला दर आठवड्याला तेल. महागडा स्प्रे नसला तर ९० नंबरचं गिअर ऑइल चालतं. आधी रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसायचं, पेट्रोलने नाही. पेट्रोल चेनमधल्या रबरी रिंगा खातं. तेल रात्री लावा, सकाळपर्यंत मुरतं. लगेच निघालात तर पँटीवर. चेनची ढील मधोमध २० ते ३० मिमी, एक्सपल्ससारख्या लांब सस्पेन्शनला जास्त, पुस्तकात बघून. ताणून घट्ट केली की पुढच्या सॉकेटच्या बेअरिंगची वाट लागते. सैल चेन निदान आवाज करून सांगते, घट्ट चेन गपचूप खाते.

क्लच लिव्हरला टोकाशी १०-१५ मिमी मोकळी हालचाल पाहिजे. लिव्हर गच्च असेल तर प्लेटा अर्धवट सुटलेल्या राहतात. लक्षण असं: चढावर थ्रॉटल दिला की आवाज वाढतो, वेग वाढत नाही. इंजिन ऑइल डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलंच घ्या. कारचं तेल टाकलं की मोटारसायकलचा ओला (इंजिन ऑइलमध्येच बुडालेला) क्लच घसरायला लागतो. गावातल्या दुकानात सर्रास कारचं देतात.

एअर फिल्टर: सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत, दसऱ्याच्या आसपास, रस्त्यावर भुसा आणि धूळ हवेतच असते. तेलकट कागदी फिल्टर असेल तर त्याला हवा मारून साफ करायचं नाही, तेल उडतं आणि धूळ आत जाते. तो फक्त बदलायचा, आणि आपल्याकडे पुस्तकातल्या अंतराच्या थोडा आधीच. फोमचा असेल तर धुऊन, वाळवून, तेल लावून परत.

टेस्ट राइड घेताना शोरूमवाला गुळगुळीत रस्त्यावर दोन मिनिटं फिरवून आणतो, तेवढ्यावर जाऊ नका. चार गोष्टी मागून घ्या. मागे माणूस बसवून चढावर थांबून परत निघणं. टॉपमध्ये ७०वर हँडल आणि फूटरेस्टला किती थरथर येते. अरुंद गल्लीत एका दमात यू-टर्न. आणि गाडी बंद करून, बसल्या जागी पायांनी दहा फूट मागे ढकलणं. शेवटची जमली नाही तर ती गाडी तुमच्या उंचीची नाही, बाकी काही असो.

---

मांजराकाठ

सगळ्यांचे आभार. ३५०चा विषय संपला. एक्सपल्स आणि युनिकॉर्न दोन्ही चालवून बघतो, वरच्या चारही गोष्टी करून. कल १६०कडे आहे. मागे ढकलायचं शोरूममध्ये मनातच नसतं आलं.

एकच शंका राहिली. पाणंदीला दोन्हीकडून बाभळी आहेत. काट्याचं काय? स्प्लेंडरची ट्यूब आहे, महिन्याला पंक्चर ठरलेलं. ट्यूबलेसला काटा कमी लागतो का, आणि एक्सपल्सच्या २१ इंची चाकाचं पंक्चर वाटेत झालं तर?

---

पाणंदवाला

काटा लागतो तेवढाच लागतो. फरक असा की ट्यूब फुटली की हवा वाल्वच्या बाजूनेही लगेच निघून जाते, ट्यूबलेसला काटा रुतून बसला तर हवा हळूहळू जाते आणि घर गाठता येतं.

एक्सपल्स घेतली तर स्वतःजवळ २१ इंची ट्यूब ठेवाच. १८ची कुठंही मिळते, २१ची फाट्यावरच्या दुकानात नसते. आणि २१ची ट्यूब अडचणीला मागच्या १८मध्ये दुमडून बसते, उलटं होत नाही, म्हणून ठेवायची तर ती मोठीच. सोबत दोन टायर लिव्हर, पाना आणि पायपंप. टायर परत चढवताना शेवटचा वीतभर भाग वाल्वजवळ यायला हवा आणि समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबलेली पाहिजे, नाहीतर लिव्हरने नवीच ट्यूब चिमटली जाते.

ट्यूबलेस असेल तर पाणंदीत काटा दिसला म्हणून तिथंच उपटू नका. हवा बघा, २०च्या वर असेल तर तसेच हळू फाट्यावर या. तिथं काटा काढायचा, सुंभासारखी स्ट्रिप सुईत ओवून, सोल्युशन लावून, टायरमध्ये दोन-तृतीयांश खुपसायची आणि सुई झटक्यात ओढायची. बाहेरची शेपटी पाव इंच ठेवून कापा. जागेवर थुंकी लावून बुडबुडा येतो का बघा. येत नसेल तर हवा भरा आणि निघा. बाभळीचा काटा आत मोडून टोक राहतं, ते पकडीने धरून नीट काढलं नाही तर स्ट्रिप आठवड्यात सुटते. आणि छिद्र टायरच्या बाजूच्या भिंतीला असेल तर स्ट्रिप चालत नाही, तिथं टायर बदलायचा किंवा आत ट्यूब टाकून वेळ मारून न्यायची.